दांडीचा बाक : सतारीपासून विद्युत्-गिटारीपर्यंत तारवाद्यांच्या मानेची जुळणी

मुंबईच्या दमट हवेत महिनोन्‌महिने दुकानात टांगून राहिलेली नवी विद्युत्-गिटार ऐन मे महिन्यात जळगावास, मेहरूणच्या वस्तीत आणली, तर थोड्याच दिवसांत तिचे लाकूड बदलू लागते. खानदेशात त्या सुमारास पारा ४५ अंशांच्या आसपास चढतो, वारा कोरडा वाहतो आणि मेहरूणच्या तलावाचे पाणीही हटलेले असते. लाकूड आपल्यातील ओलावा हवेला देऊन टाकते व आकसते. धातूचे पडदे मात्र आकसत नाहीत. परिणामी पडद्यांची टोके मानेच्या कडेबाहेर येऊन बोटांना टोचू लागतात. मानही जराशी वाकते. ती पुढे वाकेल की मागे, हे लाकडाची प्रत, त्याचे धागे आणि वर चिकटविलेली पट्टी यांवर अवलंबून असते. पुढे वाकली तर तारा पडद्यांपासून दूर जातात आणि त्या दाबणे जड होते. मागे वाकली तर तारा पडद्यांवर घासून खरखरतात. वाद्य नवे असूनही बिघडले, अशी समजूत घेणाऱ्याची होते. वस्तुतः ते बिघडलेले नसून नव्या हवेशी जुळवून घेत असते, आणि ही जुळवणी पुरी करण्याचे साधन वाद्याच्या मानेतच, एका पोलादी सळईच्या रूपाने, बसविलेले असते.

ही सळई कोठून आली, तिच्याविना आपल्याकडील तारवाद्यांचे शतकानुशतके कसे भागले, आणि भारतात गिटार रुजल्यानंतरही मान जुळविण्याची विद्या येथे इतक्या उशिरा का आली, हे तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. त्यांचा उलगडा करताना कारागिरीच्या इतिहासाच्या साधनांविषयीचा एक चौथा प्रश्नही टाळता येत नाही.

प्रथम ताणाचा विचार केला पाहिजे. मध्यम जाडीच्या सहा पोलादी तारा ६४८ मिलिमीटर लांबीच्या विद्युत्-गिटारीवर नेहमीच्या स्वरांत चढविल्या असता त्यांची एकत्रित ओढ सुमारे ४५ किलोग्रॅम भरते. पोकळ पेटीच्या, पोलादी तारांच्या गिटारीवर ती याच्या दीडपट किंवा त्याहूनही अधिक होते. एवढ्या ओढीने अडीच सेंटिमीटरांच्या आतबाहेर जाडीची लाकडी पट्टी धनुष्यासारखी वाकणे हा निसर्गधर्म होय. तेव्हा प्रश्न मान वाकते की नाही हा नाही. तो बाक वाद्याच्या रचनेला किती सोसतो, हा आहे. याचे उत्तर पडद्यांच्या रचनेत सापडते.

सतारीचे पडदे दांडीवर दोऱ्याने बांधलेले असतात व ते सरकविता येतात. ते कमानदार असून दांडीपासून बरेच उंच असतात. मींड घेताना तार पडद्यावरून आडवी ओढावयाची असल्यामुळे तार आणि दांडी यांत मोकळी जागा असणे तेथे आवश्यकच असते. अशा वाद्याची दांडी थोडी वाकली, तर वादक अथवा कारागीर पडदा किंचित सरकवितो, एखाद्या पडद्याची कमान कमीअधिक करतो, आणि स्वर पुन्हा जागेवर येतो. म्हणजे बाकाचा हिशेब पडद्यापाशी चुकता होतो. दक्षिणेकडील वीणेत पडदे मेणात बसवितात. तेथेही मेण ऊन करून पडदे नव्याने लावता येतात. मेणाने सारिका बसविण्याची रीत शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’त किन्नरी वीणेच्या वर्णनात आली आहे. हा ग्रंथ तेराव्या शतकात देवगिरीस, यादव सिंघणाच्या आश्रयाने सिद्ध झाला. खानदेशातील वाचकाला येथे सहज आठवण होईल, की त्याच सिंघणाच्या राजवटीत, १२०७ साली, चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याच्या मठाला दान दिल्याचा शिलालेख कोरला गेला. एका राज्यात एकाच काळी गणिताची पाठशाळा आणि सारिका मेणाने बसविणारे वीणाकार नांदत होते. तथापि सारिकांच्या जागा ठरविण्याचे काम गणिताकडे गेले नाही, ते कानाकडेच राहिले. यात उणेपणा शोधण्याचे कारण नाही. मेण मऊ करून सारिका हलविता येत असेल, तर तिची जागा आधी आकड्यांनी बांधून ठेवण्याची निकड कोणाला भासावी?

युरोपात ती निकड भासली. तेथील ल्यूट या वाद्याचे पडदेही मूळचे आतड्याच्या दोऱ्याचे, बांधलेले व सरकणारे होते. तरीही एका वाद्यावर अनेक स्वर एकदम वाजविण्याच्या पद्धतीमुळे सर्व तारांना एकच आडवा पडदा चालेल अशी विभागणी हवी होती. विन्चेन्त्सो गालिलेई — ज्योतिर्विद गालिलेओचा पिता — याने १५८१च्या आपल्या संवादग्रंथात उरलेल्या तारेचा अठरावा भाग सोडून पुढचा पडदा बसवावा, असा नियम पुरस्कारिला. आजचे गणित अठराऐवजी १७.८१७ हा भाजक देते. ६४८ मिलिमीटरांच्या तारेवर गालिलेईच्या नियमाने गेल्यास बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर न पडता सुमारे दोन मिलिमीटर अलीकडे पडतो. ही चूक भासते. पण तार दाबली की ती ताणली जाऊन स्वर थोडा चढतो, आणि अलीकडे पडलेला पडदा ती चढण बऱ्याच अंशी भरून काढतो. कारागिरांनी तो नियम दीर्घकाळ सोडला नाही, याचे कारण त्यांचे अज्ञान नव्हे.

पुढे गिटारीचे पडदे धातूचे झाले आणि लाकडात चिरा पाडून त्यांत कायमचे ठोकले गेले. या क्षणी इतिहासाला वळण मिळाले. पडदा हलेनासा झाला, त्याची जागा मिलिमीटराच्या अंशापर्यंत निश्चित झाली, आणि त्यामुळे मानेचा बाक, जो पूर्वी पडद्यापाशी फेडता येत होता, तो फेडावयास जागाच उरली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी आतड्याच्या तारांच्या जागी पोलादी तारा येऊन ओढ वाढली, तेव्हा जाड माना घडविणे हाच एक उपाय राहिला होता. अमेरिकेतील मिशिगन राज्यात कॅलमझू येथील गिब्सन कंपनीचा कारागीर थॅडियस मॅक्‌ह्यू याने त्यावर दुसरा उपाय काढला. मानेच्या आत, लांबीच्या दिशेने, पोलादी सळई बसवावयाची. तिच्या टोकाला आटे पाडून नट लावावयाचा. नट आवळला म्हणजे सळई ताणली जाऊन तारांच्या ओढीविरुद्ध मान मागे खेचते. या योजनेचे पेटंट त्याला १९२३ साली मिळाले. आता मान सडपातळ ठेवता येऊ लागली आणि बाक हवा तेवढाच राखता येऊ लागला. हलता भाग पडद्यांकडून निघून मानेच्या पोटात गेला, असे या स्थित्यंतराचे वर्णन करता येईल.

विद्युत्-गिटारीची कथा मात्र सळईपासून सुरू होत नाही, ही ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. जॉर्ज बोशां याने कल्पिलेली आणि १९३२च्या सुमारास रिकनबॅकर यांच्या कारखान्यातून बाहेर पडलेली पहिली यशस्वी विद्युत्-गिटार सबंध ॲल्युमिनियमची होती. आकारावरून तिला ‘तळणीचा तवा’ असे थट्टेचे नाव पडले. ती हवाई पद्धतीने, मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी कांडी फिरवून वाजवावयाची होती. तार पडद्यावर दाबावयाचीच नसल्यामुळे पडदे तेथे केवळ खुणेपुरते होते आणि मानेच्या बाकाचा प्रश्नच उद्भवत नव्हता. रंगमंचावरील दिव्यांच्या उष्णतेने धातू प्रसरण पावून स्वर ढळतात, ही तिची निराळीच अडचण होती. उभी धरून, बोटांनी दाबून वाजवावयाच्या घन शरीराच्या विद्युत्-गिटारीचे कारखानी उत्पादन १९५०मध्ये कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर याने सुरू केले. त्याच्या आरंभीच्या काही गिटारींत सळई नव्हती. कठीण मेपलची मान स्वबळावर सरळ राहील, अशी अपेक्षा होती. ती फोल ठरली व त्याच वर्षी सळई घालणे भाग पडले. मानेच्या पाठीमागून खाच पाडून सळई आत सोडावयाची आणि खाच अक्रोडाच्या काळसर पट्टीने बुजवावयाची, ही फेंडरची रीत. मान चार मळसूत्रांनी धडाला जोडलेली असल्यामुळे ती काढून, खाली कागदाएवढी पातळ चकती सारून, तिचा कोनही बदलता येत असे. वाद्य घडविणाऱ्याने आपले काम कधीच पुरे न करता त्याचा शेवटचा भाग घेणाऱ्याच्या हाती सोपवावा, हा विचार येथे प्रथमच एवढ्या उघडपणे अवतरला.

नव्या गिटारीची मान जुळविण्याची रीत या रचनेतूनच निघते. तारा नेहमीच्या स्वरांत लावून घेतल्यावर कारागीर वाद्य आडवे धरून, शीर्षाकडून धडाकडे, एक डोळा मिटून मानेची कड न्याहाळतो. नंतर तार पहिल्या पडद्यावर व मान धडाला मिळते तेथील पडद्यावर दाबून धरतो. अशा स्थितीत ताणलेली तार ही सरळ रेषेचेच काम करते. सातव्या-आठव्या पडद्यापाशी तार आणि पडदा यांत सुमारे पाव मिलिमीटर फट दिसली, तर बाक योग्य. फट अधिक असेल तर षट्कोनी किल्लीने नट आवळावयाचा, नसेलच तर सैल करावयाचा. एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक नाही, आणि प्रत्येक फेऱ्यानंतर तारा पुन्हा स्वरात लावून. कंप पावणारी तार मध्यभागी अधिक झुलते म्हणून मान अगदी सरळ न ठेवता एवढा बाक मुद्दाम राखावयाचा असतो. त्यानंतरच घोडीवरील खोगिरांची उंची, आणि सर्वांत शेवटी तारेची लांबी. बाराव्या पडद्यावर दाबून काढलेला स्वर त्याच जागी नुसत्या स्पर्शाने काढलेल्या स्वराहून चढा लागला, तर खोगीर मागे सारून तार लांब करावयाची. हा क्रम उलटला तर केलेले काम फुकट जाते, कारण मान हलली की उंची आणि लांबी दोन्ही हलतात. नवशिक्यांच्या हातून बहुधा हीच चूक होते. तारांची उंची अधिक वाटली की ते मानेच्या सळईला हात घालतात.

आता मिरजेकडे वळावयास हरकत नाही. महाराष्ट्रात तारवाद्यांच्या दांडीविषयी पिढीजात ज्ञान कोठे असेल तर ते तेथे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, पटवर्धन संस्थानिकांच्या राज्यात, फरीदसाहेब शिकलगार यांनी तंबोरे व सतारी घडविण्यास आरंभ केला, असे परंपरा सांगते. शिकलगार म्हणजे शस्त्रे घडविणारे व त्यांना धार लावणारे. इंग्रजी अंमल स्थिरावल्यावर तलवारीची मागणी ओसरली आणि हे घराणे वाद्यांकडे वळले. पुढे कित्येकांना ‘सतारमेकर’ हेच नाव चिकटले. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भागातून यावयाचे, ते वाळवून मुरवावयाचे, दांडीसाठी तुणीचे लाकूड निवडून वर्षानुवर्षे वाळत ठेवावयाचे, ती आतून पोकळ कोरावयाची, हा सर्व व्यवहार त्यांनी बसविला. अब्दुल करीम खाँ यांचे दीर्घ वास्तव्य मिरजेस होते (ते १९३७ साली निवर्तले), आणि अशा गायकांच्या कानाची कसोटी या कारागिरांना घरबसल्या मिळत गेली.

शस्त्रकाराचा आणि दांडीचा संबंध केवळ योगायोगाचा मानावा काय? तलवारीचे पाते डोळ्यांसमोर धरून त्याच्या कडेवरून नजर फिरविणे, बाक कोठे आहे व किती आहे हे मापाविना ओळखणे, हे शिकलगाराच्या धंद्याचे अंगच होते. गिटारीची मान न्याहाळणारा आजचा कारागीर नेमके हेच करतो. फरीदसाहेबांनी ही नजर दांडीकडे नेली असावी, हे अनुमान आहे; त्याला कागदाचा आधार नाही. पण ते अनुमान सोडून द्यावे इतके दुबळेही नाही.

येथेच साधनांचा प्रश्न उभा राहतो. मॅक्‌ह्यूने पेटंटाचा अर्ज केला, आकृती जोडल्या, तारीख पडली. म्हणून त्याचा ‘शोध’ झाला. मिरजेच्या कारागिराने लाकूड किती वर्षे मुरवावे, कोणत्या बाजूचा धागा तारांच्या अंगाला ठेवावा, दांडी घडवितानाच तिला किती उलटा बाक द्यावा हे ठरविले, आणि त्याची ‘परंपरा’ झाली. एकाच्या नावाला सन आहे. दुसऱ्याच्या कामाला केवळ पिढ्या आहेत. कागदावर विसंबणाऱ्या इतिहासलेखनात हा भेद पुढे बुद्धिमत्तेचा भेद होऊन बसतो आणि तो तसाच पाठ्यपुस्तकांत उतरतो. वास्तविक सळई हा उपाय न मुरलेल्या, कारखान्यात झटपट घडविलेल्या लाकडासाठीही होता; ज्याला दहा वर्षे थांबता येते त्याला तिची गरज कमी. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा या ज्ञानाला कागदाची जोड मिळू लागली. तोवर पावणेदोनशे वर्षांची वाट चालून झाली होती, आणि मध्यंतरी विद्युत्-तंबोऱ्याने कारागिरांचे बरेचसे काम हिरावूनही घेतले होते.

पश्चिम महाराष्ट्रात स्थिर पडद्यांविरुद्ध एक विद्वत्तापूर्ण बंडही होऊन गेले, त्याचा उल्लेख येथे आवश्यक आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाच्या साहाय्याने तारेच्या लांबीवर स्वर मोजले आणि १९१०मध्ये बावीस श्रुतींवरील आपले इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. सनदी नोकर अर्नेस्ट क्लेमेंट्स हे त्यांचे सहकारी. त्यांचा ग्रंथ १९१३चा. दोघांच्या प्रयत्नांतून श्रुति-हार्मोनियम तयार झाला. १९१६च्या बडोदे येथील संगीत परिषदेत त्याच्यावर वाद झाला व बहुमान्यता त्याला लाभली नाही. देवलांची मोजमापे कितपत ग्राह्य, हा संगीतशास्त्रज्ञांचा प्रांत. पण त्यांना जाणवलेली अडचण खरी होती: कारखान्यात कायम केलेला स्वर एकदा घरात शिरला की तो कानालाच आपल्या मापाने घडवू लागतो. गिटारीच्या ठोकलेल्या पडद्यांविषयी हाच आक्षेप घेता येतो. मान कितीही अचूक जुळविली तरी त्या पडद्यांवर भारतीय रागांचे कोमल-अतिकोमल स्वर सापडत नाहीत.

भारतीय वादकांनी या आक्षेपाला जे उत्तर दिले ते मोठे चतुर होते, आणि त्यातच तिसऱ्या प्रश्नाचा उलगडा आहे. त्यांनी पडदे टाळले. हवाई गिटार येथे दौऱ्यावर आलेल्या मंडळींबरोबर आली; टाऊ मो व त्याचे कुटुंब १९४०च्या दशकात कलकत्त्यास राहिले होते. तारेवरून कांडी सरकविली की मींड आपोआप साधते, हे लक्षात येताच बंगाली गीतांना आणि मुंबईच्या चित्रपटसंगीताला हे वाद्य मानवले. वॅन शिपले आणि हजारा सिंग यांच्या विद्युत्-गिटारीच्या ध्वनिमुद्रिका घरोघर पोचल्या. ब्रिजभूषण काब्रा यांनी रागसंगीतासाठी याच पद्धतीची गिटार घेतली; शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्या समवेतची त्यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका १९६७ची. या सर्व परंपरेत तारा उंच उचललेल्या असतात. मान पाव मिलिमीटर वाकली काय आणि दोन मिलिमीटर वाकली काय, वाजविणाऱ्याच्या हाताला त्याची वार्ता नसते. म्हणून गिटार घराघरांत असूनही सळईची किल्ली कोणी फारशी हाती घेतली नाही.

उभ्या धरावयाच्या विद्युत्-गिटारीचा शौक मुंबईत १९६०च्या दशकात महाविद्यालयीन तरुणांच्या वाद्यवृंदांतून वाढला. ‘सिमला बीट’ स्पर्धेच्या १९७० व १९७१च्या ध्वनिमुद्रिका त्याचा पुरावा आहेत. परदेशी वाद्ये मात्र आयात-परवाने व जकात यांमुळे दुर्मिळ होती, आणि ज्याच्याजवळ एखादी असे तो ती उघडण्याचे धाडस क्वचितच करी. १९९१नंतर आयात मोकळी होत गेली. चीन-इंडोनेशियातील कारखान्यांतल्या स्वस्त गिटारी जिल्ह्याच्या ठिकाणीही मिळू लागल्या आणि किल्ली पेटीतच येऊ लागली. अशा कित्येक गिटारींच्या मानेवरील पट्टी भारतीय शिसवीची असते. ब्राझीलने १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्या शिसवीच्या ओंडक्यांची निर्यात रोखल्यावर जगाने सह्याद्रीत व दक्षिण भारतात वाढणाऱ्या शिसवीकडे मोर्चा वळविला; २०१७पासून तिच्या व्यापारावरही आंतरराष्ट्रीय बंधने आली व २०१९मध्ये तयार वाद्यांपुरती ती सैल झाली. येथून गेलेले लाकूड परदेशी पडदे ठोकून घेऊन परत येते आणि येथल्याच हवेत पुन्हा आकसते.

मेहरूणच्या त्या नव्या गिटारीची मान मेअखेर जुळविली, म्हणजे काम संपले असे होत नाही. जूनच्या मध्यास पहिले पाऊस पडून हवेत दमटपणा शिरतो, लाकूड फुगते, सातव्या पडद्यापाशीची फट बदलते. वाद्य त्या हवेत आठवडाभर मुरू द्यावे, मगच कड न्याहाळून किल्ली लावावी. बहुधा मे महिन्यात दिलेला पाव फेरा उलट फिरवून काढावा लागतो.